न पावलेल्या नवसाचे केस

नाझरेनोच्या टोपाचं वाटोळं डॉन फाउस्तोच्या सुनेने केलं, हे आमच्या ला क्वेस्ता गावात सगळ्यांना माहीत होतं आणि डॉन फाउस्तोच्या तोंडावर कोणीच बोलत नव्हतं. क्रूस खांद्यावर घेऊन एका गुडघ्यावर वाकलेला लाकडी येशू, तो आमचा नाझरेनो. उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी त्याला गावभर मिरवतात आणि त्याच्या डोक्यावर खऱ्या केसांचा टोप असतो. दरवर्षी उपवासकाळ सुरू करणाऱ्या राखेच्या बुधवारच्या आधी हा टोप कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवायचा, एवढंच काम. यंदा मिरवणूक वरून ड्रोनने टिपणार होते. वरून नाझरेनो चांगला दिसावा म्हणून सूनबाईंनी टोपाला केस सरळ करायचं क्रीम फासलं आणि गरम चिमटा फिरवला. तिसऱ्या फिरवणीत पंचवीस वर्षांचे केस तिच्या हातात आले.

राजधानीतून नायलॉनचा टोप मागवून पाहिला. तो घातल्यावर नाझरेनो लग्नात ट्रंपेट वाजवणाऱ्यांपैकी एखादा दिसायला लागला. म्हाताऱ्या बायका तोंडावर रुमाल धरून बाहेर पडल्या, काही रडत आणि बऱ्याचशा हसत. टोप त्याच दिवशी खोक्यात परत गेला.

विकतचे केस चालत नाहीत. आमच्याकडे नियम असा, की केस नवसाचेच हवेत. बाईने नाझरेनोसमोर उभं राहून नवस बोलायचा, मग तो पावेपर्यंत केसांना कात्री लावायची नाही, टोकंसुद्धा छाटायची नाहीत. पावला की चर्चमध्ये सगळ्यांसमोर केस कापून द्यायचे. पण हल्ली केसांचा नवस बोलतं कोण? मुली केस कानापर्यंत कापतात आणि त्यावर तांबडा रंग चढवतात. नवसाला मेणबत्त्या बोलतात, मेणबत्त्यांना रोज विंचरावं लागत नाही. सगळ्या गावात नवसाचे केस उरले होते एकाच डोक्यावर, गिरणीवाल्या तेओफिला लेमुसच्या. ते तिच्या गुडघ्यांच्याही खाली आले होते.

तेव्हा राखेच्या बुधवारी सकाळी, कपाळावरची राख अजून ताजी असताना, नाझरेनो मंडळाचे प्रमुख डॉन फाउस्तो बारियास टोपी हातात घेऊन गिरणीत हजर झाले. चुन्यात शिजवलेल्या मक्याचे टब घेऊन बायकांची रांग लागली होती.

"तेओफिलाबाई, मोटर जरा बंद करता का? मंडळाचं काम आहे."

"मंडळाचं काम असेल, पण मका चोनाचा आहे. तुम्ही बोला, मला ऐकू येतं."

डॉन फाउस्तोचं बोलणं एरवीही नोटीस वाचल्यासारखं असायचं. आता गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायचं म्हणजे सगळी नोटीस ओरडूनच वाचावी लागली. "मंडळाने ठरवलंय की नाझरेनोला केस हवेत."

"मलाही मुलगा हवाय," तेओफिला पिठाचा गोळा टबात ढकलत तितक्याच मोठ्याने म्हणाली. "आठ वर्षं झाली मागून. त्याचं काम आधी करायचं आणि माझं पडून राहू द्यायचं, हे कुठलं मंडळ ठरवतं?"

"नवसाबद्दल असं बोलू नये."

"नवस मी बोलले. त्याच्याच समोर बोलले. 'माझ्या नेरीचा आवाज ऐकव, केस तुझे.' साधी गोष्ट होती. तो पावला का? नाही पावला. मग केस कुठले?"

रांगेत लगेच चर्चा सुरू झाली. गिरणीच्या रांगेला कुठलाही विषय वर्ज्य नाही आणि तेओफिलाचा नवस तर आठ वर्षं पुरलेला विषय. चोना ही तिची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि मैत्रीण असल्यामुळे तिला वाटेल ते बोलायची मुभा होती. "मी तेव्हाच म्हटलं होतं," ती म्हणाली, "परदेशी गेलेल्यांचं काम नाझरेनोकडे नसतंच मुळी. तो स्वतः क्रूस ओढतोय, तो कुठे शोधायला जाणार? एस्किपुलासच्या काळ्या ख्रिस्ताला बोलायचं होतंस."

"तिथेही जाऊन आले, चोना. तू माझ्याबरोबर होतीस. परत येताना बसमध्ये माझ्या अंगावर ओकलीस."

"मग तू मनापासून मागितलं नसशील."

तेओफिलाने मोटर बंद केली. एकदम इतकं शांत झालं की रांगेतल्या बायका दचकल्या. "मनापासून," ती म्हणाली. "बरं. आता मनाच्या आणखी कुठून मागायचं तेवढं सांग, तिथूनही मागते." मग तिने मोटर पुन्हा सुरू केली. डॉन फाउस्तो थोडा वेळ टोपी फिरवत उभे राहिले आणि गेले.

नेरी सतरा वर्षांचा असताना कमाईसाठी चोरवाटेने उत्तरेला निघाला. सरहद्दीच्या गावातून त्याने फोन केला होता, की आई, शनिवारी पलीकडे जातोय, रविवारी फोन करतो. तो रविवार गेला. पुढचा गेला. तिसऱ्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर तेओफिलाने नवस बोलला. तेव्हा तिचे केस खांद्यापर्यंत होते आणि काळेभोर होते. वाट पाहायची असेल तर महिना, दोन महिने, असा तिचा हिशेब होता.

त्यानंतर तिने जे जे केलं, ते सांगायला बसलो तर पुढचा उपवासकाळ येईल. ज्याने त्याने तिला काहीतरी करायला लावलं आणि झालं नाही की तिच्यातच खोट काढली. त्यातलं एकच सांगतो. तिची धाकटी बहीण ओलिंपिया नवऱ्याच्या नादाने सुवार्तिक मंडळीत गेली आहे, तिथे मूर्ती चालत नाहीत, मेणबत्ती चालत नाही, आवाज मात्र खूप चालतो. ओलिंपिया म्हणाली, "ताई, लाकडाच्या बाहुल्याला कान असतात का? आमच्याकडे ये. एकदाच ये." तेओफिला गेली. तिथल्या पास्टरांनी समजावलं, की देवाकडे मागत बसणं म्हणजे अविश्वास. मिळालंच आहे असं सगळ्यांसमोर साक्ष देऊन सांगायचं, मग देवाला ते खरं करावंच लागतं. तिच्या हातात माइक दिला. पुढे तिची बहीण हात वर करून रडत होती. तेओफिला म्हणाली, "माझा नेरी घरी आला."

साडेतीनशे माणसांनी हालेलूया म्हटलं. छपराच्या पत्र्यांतून ते अर्ध्या गावाला ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिच्या दारात अकरा माणसं उभी होती. नेरीच्या वर्गातला एकजण कोंबडी घेऊन आला होता. मामेभाऊ दोन डोंगर ओलांडून आला होता. शेवटी मिर्ना आली, जिच्याशी नेरीचं जमलं होतं आणि जिचं नंतर दुसरीकडे लग्न झालं होतं. तान्हं मूल सासूकडे टाकून, ओठांना लाली लावून ती धावत आली आणि दारातून आत डोकावत म्हणाली, "झोपलाय का?" तेओफिलाला तिला सांगावं लागलं. त्या सकाळनंतर दोन वर्षं ती बहिणीशी बोलली नाही, आणि पास्टरांचं नाव काढलं तर अजूनही चूल फुंकायच्या नळीकडे हात जातो.

डॉन फाउस्तो गेले, पण गप्प बसणारे नव्हते. शनिवारी त्यांनी फादर मिल्तोनना पाठवलं.

शनिवार तेओफिलाचा न्हाण्याचा दिवस. ते केस धुवायला तिला अख्खी सकाळ लागायची आणि वाळायला अख्खी दुपार. अंगणात स्टुलावर बसून तिने ते मागच्या खुर्चीवर पसरले होते, मान दुखत होती, डोकं ठणकत होतं. आरोग्य केंद्रातल्या नर्सने सरळ सांगितलं होतं, की बाई, हे ओझं उतरवा, मानेचे मणके झिजतायत. अशा वेळी तरुण पाद्री दारात येऊन, इकडे बघू की तिकडे बघू, असा उभा राहिला.

"बसा, फादर. केस आहेत फक्त, साप नाहीत. कॉफी घ्या तिथून ओतून."

फादर मिल्तोननी कॉफी ओतून घेतली. माणूस चांगला होता, पण सेमिनरीतून नुकताच आलेला आणि तिथे शिकवलेलं सगळं अजून शिल्लक असलेला. "देव प्रत्येक प्रार्थनेचं उत्तर देतो, तेओफिलाबाई," तो म्हणाला. "कधी हो, कधी नाही, आणि कधी थांब."

"माझं त्यातलं कुठलं?"

"ते आपल्याला लगेच कळतंच असं नाही."

"म्हणजे उत्तर दिलंय, पण कळू दिलेलं नाही. असं उत्तर माझा नवरा द्यायचा. चार वर्षांनी कळलं, की तो चिकिमुलात दुसऱ्या बाईकडे राहतोय."

फादरने कॉफीचा घोट घेतला. "देव म्हणजे गिरणी नव्हे, बाई. इकडून मका टाकला की तिकडून पीठ."

हे त्याने बोलायला नको होतं. तेओफिला स्टुलावर वळली, केसांचा सगळा पसारा खुर्चीसकट ओढला गेला. "फादर, माझ्या गिरणीत लोकांनी आठ वर्षं मका टाकला असता आणि पीठ आलं नसतं ना, तर गावाने गिरणी पेटवून दिली असती. आणि वर मी म्हटलं असतं, की बायांनो, पीठ न येणं हेही एक पीठच, तर मला आत घालून पेटवली असती."

तो लाल झाला. मग सेमिनरीत शिकवलेलं नसावं अशा आवाजात म्हणाला, "त्यानेही मागितलं होतं. बागेत, येशूला धरून नेलं त्याच रात्री. हा प्याला माझ्यापासून टळो म्हणाला. तीनदा म्हणाला. टळला नाही."

"माहीत आहे मला. त्याचा निकाल तिसऱ्या दिवशी लागला, फादर. माझ्या मुलाचा आठ वर्षं लागलेला नाही. मेला म्हणा, मी रडेन. जिवंत आहे म्हणा, मी वाट बघेन. दोन्हींपैकी एकही करू देत नाही तो मला."

फादर उठला. जाताना त्याने सवयीने आशीर्वादासाठी हात उचलला, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हात तसाच खिशात घातला.

खरं काय ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, पाद्रीलाही नाही. तिला केसांची हौस नव्हती आणि देवाशी हट्टाने भांडायचीही हौस उरलेली नव्हती. तिला भीती वाटत होती. केस डोक्यावर आहेत तोवर बोलणी चालू आहेत. केस कापले की बोलणी संपली. नेरी कुठेतरी असेल, तर ज्या दिवशी कात्री लागेल त्या दिवशी त्याला आपणच सोडून दिलं असं होईल, असं तिला वाटायचं, आणि हे बोलून दाखवलं तर चोना हसेल असंही वाटायचं.

मंगळवारी पहाटेच्या रांगेत ती वाकून पट्ट्याखालचा मका झाडत होती. केसांचा अंबाडा टोपलीएवढा, वर फडकं घट्ट बांधलेलं. फडकं कधी सुटलं ते तिला कळलं नाही. अंबाड्यातली एक बट खाली लोंबली आणि मोटरच्या पट्ट्याने ती धरली.

चोनाने टब टाकला आणि झेप घेऊन बटण खाली ओढलं. जुनी गिरणी थांबायला थोडा वेळ घेते, तेवढ्या वेळात तेओफिलाचं डोकं पट्ट्यापासून वीतभरावर आलं होतं. बट मुळासकट उपटून निघाली. कानावरून रक्त वाहत होतं. बायकांनी तिला पोत्यावर बसवलं, कोणी कोरफडीचं पान आणलं, कोणी पाणी आणलं. चोना शिव्या देत रडत होती, आधी गिरणीला, मग केसांना, मग अंगावर क्रूसाची खूण करून नाझरेनोला.

तेओफिला मांडीवरच्या बटीकडे बघत होती. एवढी वर्षं तिने केस धुतले, विंचरले, बांधले, पण असे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग कधी पाहिले नव्हते. मुळाकडे दीड हात पांढरंशुभ्र. मग राखाडी. मग काळं. आणि अगदी खालची वीतभर टोकं तांबूस, दुभंगलेली, जुनी. ही टोकं तेव्हा खांद्यावर होती. निघायच्या सकाळी नेरीने मागून येऊन तिची वेणी ओढली होती, लहानपणी ओढायचा तशी, आणि तिने चिडून त्याच्या हातावर फटका मारला होता. त्याचा हात ज्याला लागला असं घरात आता एवढंच उरलं होतं. ती बट तिने मुठीत घट्ट धरली आणि कोणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉन फाउस्तो संत्री घेऊन आले. तब्येत विचारली. मग घसा खाकरून नोटीस सुरू झाली. "मंडळाने विचार केलाय. तुमची अडचण आम्हाला कळते. सगळे केस देऊच नका. टोपाला हातभर पुरतात. पांढरे आहेत ते तुमचे तुम्हाला राहू देत, फक्त खालचे काळे द्या. नाहीतरी पांढऱ्यांचा उपयोग नाही, नाझरेनो तेहतीस वर्षांचा आहे. काळे तेवढे सहज भरतील."

"मोजलेत कधी?"

"मिस्सेला तुम्ही आमच्या पुढच्या बाकावर बसता."

तेओफिलाच्या डोक्याला पट्टी होती, मान वळत नव्हती, आणि आठ वर्षांत इतका राग तिला आला नव्हता. "काळे हवेत," ती म्हणाली. "काळे माझ्या आईने दिले मला, डॉन फाउस्तो. काळ्यांना माझ्या मुलाने हात लावलाय. आणि पांढरे कोणी दिले? त्याने. तुमच्या नाझरेनोने. रविवारमागून रविवार, एकेक करून दिले. त्याने स्वतः दिलेले तेवढे त्याला नकोत, आणि माझ्याकडे होते तेवढे सगळे हवेत."

"मंडळाचं तसं म्हणणं..."

"थांबा. देते मी." हे तोंडातून निघाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. पण निघालं ते निघालं, आणि मागे घ्यावंसं वाटेना. "सगळे देते. मुळापासून. पण पांढरे वर येतील असाच टोप बांधायचा. कलप लावायचा नाही. पाचव्या रविवारी भर रस्त्यात गावाला दिसू दे, की तो माणसाला किती ताटकळत ठेवतो. बघू दे ड्रोनलाही."

डॉन फाउस्तो टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "पण विधीच्या वेळी मला विचारावं लागतं," ते म्हणाले. "तो तुमच्या कोणत्या नवसाला पावला, ते. त्याचं उत्तर..."

"विचारा. मी खरं सांगेन."

"न पावता केस घ्यायची पद्धत नाही, तेओफिलाबाई."

"मग नायलॉन घाला."

ते उठले. दारापर्यंत गेले. तिला वाटलं, आता नियम सांगतील, कलम सांगतील, मंडळाची बैठक बोलावतील. ते म्हणाले, "बरं. शुक्रवारी चार वाजता," आणि संत्र्यांची पिशवी तिथेच विसरून गेले.

शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना संपली तरी कोणी घरी गेलं नाही. गिरणीतून बातमी सगळीकडे पोचली होती. मागच्या भिंतीपर्यंत माणसं उभी होती. ओलिंपियासुद्धा आली होती, पण त्यांच्या पास्टरांनी मूर्तीच्या घरात पाय ठेवायला मनाई केलेली, म्हणून ती बाहेरच्या पायरीवर उभी राहून मान लांब करून आत बघत होती. नाझरेनोला वेदीपुढे आणून ठेवलं होतं. टोपाशिवाय त्याचं डोकं गुळगुळीत आणि लहान दिसत होतं, आजाऱ्यासारखं, आणि मंडळाने लाज वाटून त्यावर जांभळा रुमाल टाकला होता.

तेओफिला पुढे आली. केस मोकळे सोडले होते, ते मागे पोटऱ्यांपर्यंत लोंबत होते. तिला वाटलं होतं की आपण रागात असू, पण राग ऐन वेळी कुठेतरी गेला होता. आत्ता नाही म्हणता येईल, असं तिच्या मनात आलं. आत्ता वळून घरी जाता येईल.

मंडळाचे बारा जण जांभळ्या झग्यांत दोन रांगांत उभे होते. डॉन फाउस्तोच्या हातात तबक, त्यात कात्री आणि पांढरी फीत. त्यांनी तिच्याकडे न बघता, नेहमीच्या आवाजात विचारलं, "तेओफिला लेमुस, नाझरेनो तुझ्या कोणत्या नवसाला पावला?"

"कोणत्याच नाही," ती म्हणाली.

मंडळातल्या दोघातिघांनी सवयीने "पावला" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. ती पुढे बोलत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. "मी मुलाचा आवाज मागितला होता. आठ वर्षं झाली. एक फोन नाही, एक निरोप नाही, कोणाच्या स्वप्नातसुद्धा येत नाही तो. हे केस नवस फेडायला देत नाहीये मी. मला आता हे ओझं उचलवत नाही, म्हणून देतेय. ज्याच्यामुळे वाढले त्याने वागवावेत."

फादर मिल्तोन आपल्या बुटांकडे बघत होता. यानंतर मंडळाने "पावला, नाझरेनो पावला" असं तीनदा म्हणायचं असतं, आणि आता काय म्हणायचं हे तर कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे डॉन फाउस्तोकडे बघायला लागले. त्यांनी तबकातली कात्री उचलली.

"मलाही नाही," डॉन फाउस्तो म्हणाले.

ते इतकं हळू होतं की तेओफिलाला वाटलं ते कात्रीबद्दल काही बोलले. "काय?"

"मलाही नाही पावला. माझा धाकटा भाऊ. एलियास."

गावातल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. देशातल्या यादवी युद्धाच्या वर्षांत पुलाजवळ सैनिकांनी बस थांबवून तिघांना उतरवून नेलं होतं, त्यातला एक एलियास. चोवीस वर्षांचा होता. सगळ्यांना माहीत होतं. पण चर्चमध्ये त्याचं नाव त्या दिवसापर्यंत कोणी घेतलं नव्हतं, त्या काळात भीतीने आणि नंतर सवयीने.

"चाळीस वर्षं झाली," डॉन फाउस्तो म्हणाले. त्यांचा नोटिशीचा आवाज पार गेला होता, खालून एका साध्या म्हाताऱ्याचा आवाज निघाला होता. "दरवर्षी मिरवणुकीत नाझरेनोच्या पालखीच्या पुढच्या उजव्या दांड्याला खांदा देतो. दिखाऊ म्हणतात मला, ते ऐकू येतं मला. तिथून त्याचा कान जवळ पडतो, म्हणून ती जागा. पहिली दहा वर्षं भाऊ मागितला. आता हाडं मागतो. नुसती हाडं. तीही नाही."

या माणसाची तेओफिलाला तीस वर्षं चीड होती. "आणि सगळ्यांच्या नवसाला तुम्ही 'पावला, पावला' म्हणत होता," ती म्हणाली.

"त्यांना पावला होता, बाई. त्यांचं खरंच होतं. मग म्हणायचं नाही तर काय करायचं?"

इतकी वर्षं ती या माणसापुढच्या बाकावर बसून एकटीच तोंडघशी पडल्यासारखी मागत होती, आणि मागच्या बाकावर तो तेच करत होता, आणि दोघांनी एकमेकांना कधी "काय म्हणता" यापलीकडे विचारलं नव्हतं. याचाही तिला रागच आला, पण हा राग निराळा होता, यात ती उभी राहू शकत होती.

ती नाझरेनोकडे वळली. एवढी जवळ ती नवस बोलली तेव्हापासून आली नव्हती. त्याच्या डोक्यावरचा जांभळा रुमाल तिने काढून बाजूला ठेवला.

"ऐकतोयस ना?" ती म्हणाली, गिरणीत बोलायची त्याच आवाजात. "केस घे. पण सुटलास असं समजू नकोस. नेरी लेमुस. आणि एलियास बारियास. आता दोघं झाले."

मग तिने पाठ वळवली आणि डॉन फाउस्तोंना म्हणाली, "कापा."

केस जाड होते, त्यामुळे बराच वेळ लागला. तेवढा वेळ ती मान ताठ धरून दोन्ही नावं म्हणत राहिली, पुन्हा पुन्हा, दर खेपेला जरा जास्तच चिडून. तिसऱ्या का चौथ्या खेपेला मंडळाने तिच्यामागून ती म्हणायला सुरुवात केली, कारण त्यांना काहीतरी म्हणायची सवय होती. पायरीवरून ओलिंपियाचा आवाज आला, आणि तो हळूहळू आत आला.